सातवा श्वास

१

गाण्याच्या बाईंची हॉस्पिटलची बॅग त्यांच्या वहिनींनी भरली. बाई स्वतः भरायला बसल्या होत्या, पण त्यांनी सगळ्यात आधी स्वरलिपीची वही आत टाकली. ते पाहून वहिनींनी बॅगच ओढून घेतली.

"तिथे काय कार्यक्रम आहे का तुझा?"

वहिनींची स्वतःची चार ऑपरेशनं झाली होती. लोक सहलींबद्दल बोलतात तशा त्या त्यांच्याबद्दल बोलत. भाऊ गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत होत्या, त्यामुळे बाईंना त्या चारही सहली तोंडपाठ होत्या. वहिनींनी पुढून बटणं असलेले दोन गाऊन घेतले, कारण मान हलवता येणार नव्हती. न घसरणाऱ्या रबरी चपला घेतल्या, चार्जरची लांब वायर घेतली, पाणी प्यायला नळ्या घेतल्या, तारखांप्रमाणे लावलेली रिपोर्टांची फाईल घेतली. बोलायची बंदी असेल तेव्हा लिहून दाखवायला एक कोरी वही घेतली. वर सूचना सुरूच होत्या. सलाइनचा हात उशीवर ठेवायचा. दुखलं तर लगेच सांगायचं, उगाच शूरपणा करायचा नाही. शेजारणीला पहिल्या दिवशी आजार विचारायचा नाही, एकदा सुरू झाली की डिस्चार्जपर्यंत थांबत नाही.

बाई हसल्या, पण त्यांचं लक्ष गळ्याकडे होतं. गळ्याच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती. सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं: ही गाठ, आणि तिला चिकटून जाणारी ही शीर. आवाजाची शीर. शंभरातल्या दोघांचा आवाज बदलतो, ते म्हणाले. बाईंनी एकच प्रश्न विचारला, बदलतो म्हणजे काय होतं? सर्जननी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की घोगरा होतो, लवकर थकतो, वरचे सूर जातात. एकतीस वर्षं शाळेत समूहगान शिकवणाऱ्या बाईंनी ते ऐकून घेतलं आणि संमतीच्या कागदावर सही केली.

घरी आल्यावर त्यांनी खोलीचं दार लावलं आणि सगळ्यात खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत एकदाच गाऊन घेतलं. घर सोडताना माणूस प्रत्येक खोलीत एकदा डोकावतो, तसं. बाहेर वहिनींनी मिक्सर बंद केला होता. पण तसं त्या कधी बोलल्या नाहीत.

२

तिसऱ्या मजल्यावर बायकांची सहा खाटांची खोली होती. बाईंना पाचवी खाट मिळाली. मनगटावर नावाचा पट्टा बांधला गेला, रक्त घेतलं, आणि रक्तदाब वाढलेला निघाल्यामुळे ऑपरेशन दोन दिवसांनी करायचं ठरलं.

सहावी खाट खिडकीशी होती. खिडकी बाहेर रस्त्याकडे नव्हती. इमारतीच्या मधोमध उजेडासाठी एक चौक सोडला होता आणि चारही बाजूंनी सातही मजल्यांच्या खिडक्या त्या चौकात उघडत. उघडत म्हणजे म्हणायला. प्रत्येक खिडकीची काच स्क्रूने पक्की बसवलेली होती आणि आतून पांढरा पडदा होता. वहिनींनी आल्या आल्या खिडकी ओढून पाहिली आणि कोंदट आहे म्हणून निकाल दिला.

खिडकीपाशी एक ऐंशीच्या आजी होत्या. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केल्यामुळे सगळ्या त्यांना ऑपरेटर आजी म्हणत. नाकाला ऑक्सिजनची नळी होती, फुप्फुसं थकली होती, आणि महिनाभर त्या तिथेच होत्या.

दुपारी दोन ते चार विश्रांतीची वेळ होती. नातेवाइकांना खाली पाठवलं जाई, दार लोटून घेतलं जाई, दिवे मालवले जात. वहिनी कँटीनमध्ये जाऊन बसल्या. बाई आडव्या झाल्या, पण झोप कुठली यायला. चाळीस मुलं एकत्र गात असताना मध्येच चोरून श्वास कोणी घेतला, हे बाईंना पाठ फिरवूनही कळत असे. तो कान काही दाखल होताना घरी ठेवून येता येत नाही. वेळ जायला म्हणून त्या एकेकीचा श्वास वेगळा काढू लागल्या. दाराशी प्लास्टरमधला पाय टांगलेल्या बाईंचा श्वास शेवटी बारीक शीळ घाली. टाके घातलेली मुलगी अर्धवट श्वास घेई, दुखेल या भीतीने. ऑपरेटर आजींचा तर कागद फाटल्यासारखा, तुकड्यातुकड्यांनी येई.

हळूहळू ते सगळे एकत्र आले.

बाईंना त्यात नवल वाटलं नाही. वर्गात हे रोज होतं. मुलं शेजारी बसली की दहा मिनिटांत त्यांचे श्वास जुळतात. नवल वाटलं ते लयीचं. सोळा मात्रा आत, सोळा मात्रा बाहेर. इतका लांब श्वास घ्यायला बाईंना स्वतःला पाच वर्षं रियाज करावा लागला होता. इथे टाके घातलेली मुलगी झोपेत, कपाळावर आठीही न घालता, तो घेत होती.

बाईंनी स्वतःचा श्वास रोखून धरला. आता पाच ऐकू यायला हवे होते. सहा आले.

त्यांनी चादरीवर बोटं ठेवून पुन्हा मोजलं. शीळ एक, अर्धवट दोन, कागद तीन, भिंतीकडच्या दोघी चार आणि पाच. आणि त्या पाचांच्या खाली एक, ज्याला कसलाच वेगळा पोत नव्हता. सगळ्यांच्या खाली धरलेला खर्ज असावा तसा. तो खाटेच्या पायांतून येत होता, की भिंतीतून, की आपल्याच उशीतून, हे त्यांना ठरवता येईना. चार वाजता दिवे लागले, चहाची गाडी खडखडत आली, आणि ज्याचा त्याचा श्वास ज्याच्या त्याच्याकडे परत गेला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी रीतसर चौकशी केली. त्यांच्या स्वभावात भुताखेताला जागा नव्हती. बेसूर ऐकू आलं तर आधी वाद्य तपासायचं, मग वादक, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा कान, अशी त्यांची शिस्त होती. औषधांचा ट्रे घेऊन आलेल्या सिस्टरना विचारलं, तर त्या म्हणाल्या की एसीचा आवाज असेल, जुनी मशिनरी आहे.

एसीचा मेकॅनिक बाहेर पॅसेजमध्येच शिडीवर होता. पन्नाशीचा, कानामागे पेन्सिल खोचलेला. बाईंनी त्यालाही विचारलं. त्याने सांगितलं की या बाजूचा एसी फिल्टर धुण्यासाठी कालपासून बंदच आहे. ऑक्सिजनच्या पाइपाचं विचारलं, तर तो सुंई करतो, सलग, त्याला लय नसते.

मग तो शिडीवरून खाली उतरला, शिडी मिटवली, आणि म्हणाला की दोन ते चार तो स्वतःही कँटीनलाच बसतो. का, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला,

"रिकाम्या जिन्यात मागून कोणी येतंय असं वाटतं ना, तसलं काही नाही हे. इथे आपणच कोणाच्या तरी मध्ये आलोय असं वाटतं."

एवढं बोलून तो शिडी खांद्यावर टाकून गेला. बाई पॅसेजमध्ये उभ्या राहिल्या. त्याच्या बोलण्याची भीती वाटायला हवी होती. त्यांना वाटलं ते दुसरंच काही होतं. मोठ्या सभागृहात आत पाऊल टाकलं की आपोआप आवाज खाली येतो, तसं काहीसं.

४

त्या दुपारी बाई तयारीने जाग्या राहिल्या. दोन वाजून दहा मिनिटांनी श्वास जुळले. सोळा आत, सोळा बाहेर. बाईंनी आपलाही त्यात सोडून दिला, आणि गाठीपासून सुरू झालेली गळ्यातली महिन्याभराची आवळण पहिल्यांदाच सैल झाली.

मग आजी अडखळल्या. कागद अर्धा फाटला आणि तिथेच राहिला.

आणि सगळं थांबलं. शीळ थांबली. मुलीचा श्वास थांबला. भिंतीकडच्या दोघींचे थांबले. खालचा तो खर्जसुद्धा थांबला, आणि तो थांबल्यावरच तो किती मोठा होता ते बाईंना कळलं. जसं रोजचा नदीचा आवाज बंद पडल्यावर कळेल. खोलीत कोणी घाबरलं नव्हतं. सगळ्या झोपेतच होत्या. त्या फक्त वाट पाहत होत्या. एक मात्रा, दोन मात्रा, बारा मात्रा. आजींनी उरलेला अर्धा श्वास कसाबसा ओढला, आणि तिथून, नेमक्या त्याच ठिकाणाहून, सगळे पुढे निघाले.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. एकतीस वर्षं त्यांनी मुलांना हेच सांगितलं होतं की मागे पडलेल्यासाठी थांबा. इतकं सुंदर थांबलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

पाहतात तर आजी डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडेच बघत होत्या.

"तुम्हालाही येतं ना ऐकू," आजी हळूच म्हणाल्या. प्रश्न विचारल्यासारखं नाहीच.

बाईंनी मान हलवली. आजी एकेक शब्द दमाने बोलत होत्या. त्यांनी सांगितलं की एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावला की दोन्हीकडे कोणी बोलत नसलं तरी लाइन जिवंत आहे की मेलेली, ते लगेच कळायचं. पलीकडे कोणी असलं की शांततेला वजन असतं.

"पलीकडे कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"ते आपण विचारायचं नसतं. जोडून द्यायचं, आणि वेळ झाली की काढून घ्यायचं." त्यांनी नाकाची नळी नीट केली. "मला काढायचंय हो आता. महिना झाला. पण पलीकडचे हे सोडत नाहीत. मी थांबले की हेही थांबतात."

हे म्हणताना आजींच्या आवाजात तक्रार नव्हती. फार आग्रह करणाऱ्या यजमानाबद्दल बोलावं तसं त्या बोलल्या.

५

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंना ऑपरेशनला नेलं. पोटात पाण्याचा थेंब नव्हता, कानातलं काढून वहिनींच्या मुठीत दिलं होतं. स्ट्रेचर लिफ्टमध्ये शिरेपर्यंत वहिनी त्याचा दांडा धरून चालत होत्या आणि चपला बॅगेच्या कुठल्या कप्प्यात आहेत ते सांगत होत्या.

थिएटर गार होतं. भूल देणारे डॉक्टर तरुण आणि बडबडे होते. त्यांनी समजावून सांगितलं की औषधाने अंगातले सगळे स्नायू झोपतील, छातीचेसुद्धा, मग मशीन श्वास देईल.  आवाज जाईल याची तयारी त्यांनी केली होती. श्वास दुसऱ्याच्या हाती द्यायचा, याची केलेली नव्हती. डोळे मिटताना त्यांनी सवयीने मात्रा मोजायला घेतल्या. पाचच्या पुढचं त्यांना आठवत नाही.

जाग आली तेव्हा गळ्याला पट्टी होती, एक बारीक नळी बाहेर आली होती, आणि वहिनी कोरी वही उघडून बसल्या होत्या. बोलायची सक्त मनाई होती. आवाजाची तपासणी दोन दिवसांनी, त्याआधी कुजबुजसुद्धा नाही.

संध्याकाळी ते तरुण डॉक्टर बघायला आले. सगळं नीट झालं म्हणाले. मग जाता जाता, स्वतःशीच बोलल्यासारखं, त्यांनी विचारलं की बाई प्राणायाम वगैरे करतात का. बाईंनी वहीत लिहिलं, का?

ते हसले. नळी घालायच्या आधी काही सेकंद असे असतात की मशीन अजून जोडलेलं नसतं आणि स्नायू तर झोपलेले असतात. त्या वेळात छाती हलायचं काही कारण नसतं.

"तुमची हलली. इतकी सावकाश, की आम्ही सगळे बघतच राहिलो. मॉनिटरवर मात्र श्वासाची नोंदच नव्हती."

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढचं न बोलता निघून गेले. बाई छतावर नजर लावून पडून राहिल्या. आपल्याला कोणीतरी उचलून पलीकडे नेऊन ठेवलं, आणि त्याचं नावही आपल्याला माहीत नाही, असं त्यांना वाटत राहिलं.

६

चौथ्या दुपारी श्वास जुळले ते दोनच्या ठोक्याला.

पावणेतीनच्या सुमाराला आजींचा श्वास तुटला. सगळं थांबलं. बाईंनी मोजायला सुरुवात केली. बारा झाल्या. वीस झाल्या. तीस. बाई उठून बसल्या. गळ्याची नळी गाऊनला पिनेने अडकवली होती, ती सांभाळत त्यांनी बेल दाबली. दारापलीकडे बेल वाजली, पण चपलांचा आवाज आला नाही. दाराच्या काचेतून सिस्टरांचं टेबल दिसत होतं. सिस्टर पेन हातात धरून, डोळे मिटून, ताठ बसल्या होत्या. त्यांचीही छाती हलत नव्हती.

चाळीस. टाके घातलेल्या मुलीचे ओठ निळसर दिसायला लागले.

बाई वळल्या. आजी जाग्या होत्या. त्यांच्या मागे खिडकीचा पडदा आत फुगून आला होता, शिडासारखा. काच बंद होती. बाईंनी पडद्याची कड बाजूला केली आणि बाहेर चौकात पाहिलं.

भर दुपारचा उजेड होता. समोरच्या बाजूला सातही मजल्यांच्या खिडक्या दिसत होत्या, एकीखाली एक, आणि प्रत्येक बंद काचेमागे पांढरा पडदा आत ओढला गेला होता. वरच्या मजल्याचे थोडे, मधल्यांचे जास्त, खालच्यांचे पुन्हा थोडे. बाईंना आधी वेगवेगळे पडदे दिसले. मग डोळ्यांनी ते आपोआप जोडले आणि त्यांना ती एकच रेघ दिसली, एक वळण, जमिनीपासून छपरापर्यंत भरत गेलेलं. एखाद्या फार मोठ्या, कुशीवर निजलेल्या कशाची तरी बरगड्यांची बाजू. तेवढीच. डोकं कुठे, पाय कुठे, ते इमारतीत मावण्यासारखं नव्हतं. इतक्या सगळ्या खोल्या, खाटा, माणसं त्याने पोटाशी घेतली होती आणि एका म्हातारीसाठी श्वास धरून ठेवला होता.

बाईंनी पडद्याची कड धरून ठेवली. धावावंसं वाटलं नाही. वाकावंसं वाटलं.

पन्नास. आजींनी हात उचलला. दोन बोटं चिमटीत धरली आणि हवेतून काहीतरी अलगद ओढून काढल्यासारखं केलं. एक्स्चेंजच्या बोर्डावरून वायरची पिन काढतात तसं. मग त्या बाईंकडे पाहून किंचित हसल्या.

बाईंना बोलायची मनाई होती, आणि बोलून उपयोगही नव्हता. त्यांनी चौकाकडे तोंड केलं, पाठ ताठ केली, आणि चाळीस मुलांसमोर वर्षानुवर्षं उचलला तसा उजवा हात उचलला. सगळे नक्की पाहत आहेत हे कळेपर्यंत एक क्षण धरला. मग सूर मिटवताना करतात तशी मूठ हलकेच, गोल फिरवून, मिटली.

झालं. सोडा आता.

समोरचे सगळे पडदे एकाच वेळी सावकाश खाली बसले. इमारतीतून एक लांब उच्छ्वास गेला. खाटांचे कठडे थरथरले, आणि पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उमटली. शीळ परत आली. मुलीने खोल श्वास घेतला, कूस बदलली आणि दुखलं म्हणून कण्हली. बाहेर चपलांची फटफट धावत आली. सिस्टर, डॉक्टर, मशीन, सगळं आलं. फक्त कागद फाटल्याचा आवाज पुन्हा आला नाही.

मृत्यूची वेळ कोणती घालायची यावर ते थोडा वेळ बोलत होते. बाईंनी वहीत काहीच लिहिलं नाही.

७

तपासणीत आवाज आला. सर्जननी 'आ' म्हणायला सांगितलं, बाई म्हणाल्या, आणि तो खरबरीत, जरा खालचा, पण त्यांचाच होता. वरचे दोन सूर सहा महिन्यांत येतील, न आले तर नाही. चार ऑपरेशनांत न रडलेल्या वहिनी त्या एका 'आ'ला रडल्या, आणि मग फाईल नीट लावायच्या निमित्ताने पाठ करून बसल्या.

घरी आल्यावर जेवून दोघी आडव्या झाल्या. वहिनी पाच दिवस कँटीनच्या खुर्चीत बसून दमल्या होत्या. पडल्या पडल्या त्यांना झोप लागली. मधलं दार उघडं होतं. बाईंना त्यांचा श्वास ऐकू येत होता. आखूड, थोडा अडकणारा, म्हाताऱ्या माणसाचा.

बाई वाट पाहत राहिल्या. अडीच झाले, पावणेतीन झाले. खाली काहीच आलं नाही. भिंती नुसत्या भिंती होत्या, पडदा सरळ लोंबत होता. इतकी वर्षं या घरात त्या अशाच झोपत आल्या होत्या आणि कधी काही कमी आहे असं वाटलं नव्हतं.

पलीकडे वहिनींचा श्वास अडखळला. क्षणभरच. तो थांबला तेव्हा जगात दुसरं काहीही थांबलं नाही. रस्त्यावरून एक गाडी गेली, फ्रिज घुरघुरत राहिला.

बाईंनी आपला श्वास धरला. वहिनींनी पुढचा घेईपर्यंत तो धरून ठेवला, आणि मग त्यांच्याबरोबरच सोडला. पुढचा त्यांच्याबरोबर घेतला. त्यांना वाटत होतं तितका तो जड नव्हता. चार वाजेपर्यंत त्या तशाच पडून राहिल्या, जाग्या, वहिनींच्या मागोमाग.